सात-बारा दुरुस्ती ते हक्कसोडपत्र: साडेसात महिन्यांच्या नोंदी

काम काय होते: महाराष्ट्रातील एका गावचा एक गट (एका गट क्रमांकाची शेतजमीन), १.६२ हेक्टर, सगळी जिरायत, पोटखराबा (लागवडीस अयोग्य क्षेत्र) नाही, भोगवटादार वर्ग १ (हस्तांतरावर निर्बंध नसलेली). मूळ खातेदार वडील १९९४ मध्ये मयत, आई २००८ मध्ये मयत. अपत्ये चार: दोन भाऊ, दोन बहिणी. थोरला भाऊ २०२२ मध्ये मयत. त्याच्या मागे पत्नी, मुलगा आणि विवाहित मुलगी. धाकट्या बहिणीला आपला हिस्सा धाकट्या भावाला आणि थोरल्याच्या मुलाला (पुढे 'पुतण्या') निम्मा-निम्मा सोडायचा होता. मोठ्या बहिणीला हिस्सा ठेवायचा होता. वाद कोणाचाच नव्हता. तरीही इतका वेळ गेला, त्याची कारणे खाली तारखेनिशी आहेत.

१० जून २०२४

डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढला, प्रत्येकी १५ रुपये. सात-बारावर कब्जेदार म्हणून एकच नाव: थोरला भाऊ, नावापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर). 'इतर अधिकार' या रकान्यात (कब्जेदार सोडून बाकीचे हक्क आणि बोजे तिथे असतात) आई आणि दोन्ही बहिणी, 'वारस' म्हणून. धाकट्या भावाचे नाव कुठेच नाही. इतर अधिकारात गावच्या विकास सोसायटीचा ई-करारही (पीक कर्जाच्या बोजाची नोंद).

पहिली चूक इथेच झाली. कागद हातात आला की नाव आणि क्षेत्र बघून ठेवून देण्याची सवय असते. सात-बारावर फेरफारांचे (हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे) क्रमांक दिलेले असतात, त्यातला प्रत्येक फेरफार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण त्या दिवशी गेलो.

१४ जून

१९९४ चा फेरफार हस्तलिखित असल्याने तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला. नक्कल लगेच मिळत नाही, नंतर बोलावतात. तोवर थांबायला हवे होते. थांबलो नाही, त्याचे पुढे येते.

१९ जून

घरात धाकट्या बहिणीचे २०१५ चे एक 'हक्कसोडपत्र' सापडले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेले, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. तलाठी कार्यालयात दिले, तिथून परत आले. परत येणारच होते. स्थावरातला हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि न नोंदवलेला दस्त कलम ४९ मुळे हक्काचा पुरावा ठरत नाही. नोटरी सही कोणाची ते सांगतो, हक्क देत नाही. तो कागद नोंदवून घेण्याची वेळही कधीच उलटली होती: सही झाल्यापासून चार महिने, आणि दंड भरून आणखी चार.

गावोगाव असे कागद पेटीत जपून ठेवलेले आहेत. कोणी काढून दाखवला तर नम्रपणे बाजूला ठेवावा आणि नवा दस्त करावा.

२४ जून

ई-हक्क प्रणालीवर (फेरफारासाठी ऑनलाइन अर्ज करण्याची शासकीय सोय) थोरल्या भावाच्या मृत्यूची वारस नोंद मागितली. जोडलेले कागद: मृत्यूचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र, वारसांचे आधार, सात-बारा. अर्ज स्वीकारला गेला, तलाठ्याने फेरफार धरला, नमुना ९ च्या (हरकती मागवणाऱ्या) नोटिसा निघाल्या. तेव्हा वाटले, चला, मार्गी लागले.

१६ जुलै

१९९४ च्या फेरफाराची नक्कल हातात आली आणि चूक कळली. फेरफारात स्पष्ट लिहिले होते: वारस म्हणून पत्नी, दोन मुलगे, दोन मुली, मुलांपैकी थोरला 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून, मुलींची व पत्नीची नावे इतर अधिकारात. म्हणजे थोरला भाऊ कब्जेदार म्हणून दिसत होता तो सगळ्यांच्या वतीने. जमीन त्याची एकट्याची नव्हती.

आता त्याच्या नावावर थेट वारस लावले असते तर १.६२ हेक्टर पूर्ण त्याच्या पत्नी-मुलांच्या नावे गेली असती. धाकटा भाऊ कागदावर आधीही नव्हता, नंतरही आला नसता. बहिणी इतर अधिकारातच राहिल्या असत्या. नोंद प्रमाणित झाली असती तर ती काढायला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. शिवाय अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते (जमीन महसूल संहिता, कलम १५७), म्हणजे सिद्ध करण्याचा भार आपल्याच डोक्यावर.

क्रम असा लागतो: आधी ए.कु.मॅ. कमी करून मूळ सगळे वारस कब्जेदार सदरी (कब्जेदारांच्या रकान्यात) आणायचे. मग त्यांच्यातले जे मयत आहेत त्यांचे वारस लावायचे. मग हक्कसोड. उलटे केले की एका चुकीवर दुसरी चूक प्रमाणित होते.

त्याच दिवशी ही वारस नोंद होऊ नये म्हणून मंडळ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, सोबत १९९४ च्या फेरफाराची नक्कल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे.

५ ऑगस्ट

वारसाचा फेरफार मंडळ अधिकाऱ्यांनी 'ए.कु.मॅ. नोंद अगोदर कमी करावी' असा शेरा मारून नामंजूर केला. हवे तेच झाले. २४ जूनपासून ४२ दिवस गेले, ते नक्कल येईपर्यंत न थांबल्यामुळे.

मधल्या काळात कोणीतरी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागा, असा सल्ला दिला होता. ते कलम लेखन प्रमादासाठी आहे: नाव चुकले, क्षेत्राचा आकडा टंकताना बदलला, जुन्या उताऱ्यावरचा माणूस संगणकीकरणात गळला. १९९४ ची नोंद हाताची चूक नव्हती, त्या काळच्या पद्धतीप्रमाणेच घातलेली होती. तिच्यासाठी ई-हक्कवर वेगळा प्रकार आहे: 'एकत्र कुटुंब मॅनेजर नाव कमी करणे'. तोच निवडून अर्ज भरला.

८ ऑगस्ट

दुसरा अडथळा: आईचा मृत्यू २००८ मध्ये गावात झाला, पण ग्रामपंचायतीत नोंदच नाही. आईचे नाव इतर अधिकारात असल्याने तिच्या मृत्यूचा पुरावा लागणार.

ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचे अनुपलब्धता प्रमाणपत्र घेतले. एका वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद आदेशाशिवाय होत नाही. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावे लागे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. अर्जासोबत अनुपलब्धता प्रमाणपत्र, शपथपत्र, आईचे रेशनकार्डावरचे नाव, पोलीस पाटलांचा दाखला आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब दिले.

मृत्यूची तारीख सगळ्या कागदांवर एकच हवी. शेजाऱ्याच्या जबाबात 'सन २००८, पावसाळा' एवढेच होते. तो जबाब पुन्हा करून द्यावा लागला. आठवडा गेला.

२२ ऑगस्ट

वाट पाहण्याच्या दिवसांत बोजा उरकला. थोरल्या भावाचे पीक कर्ज फिटलेले होते, पण ई-करार सात-बारावर तसाच. सोसायटीकडून बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचे पत्र घेतले, ई-हक्कवर 'बोजा कमी करणे'. यात कोणतीच अडचण आली नाही. कर्ज फेडले की बोजा आपोआप उतरतो हा गैरसमज. पत्र देऊन उतरवावा लागतो.

२० सप्टेंबर

आईच्या मृत्यू नोंदीचा आदेश मिळाला, ग्रामपंचायतीने दाखला दिला. सहा आठवडे.

याच आठवड्यात एक आगाऊपणा झाला: हक्कसोडपत्रासाठी ग्रासवर (शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर) २०० रुपयांचे मुद्रांक चलन काढून ठेवले. सात-बारा तयार नाही, मसुदा तयार नाही, आणि चलन तयार.

२७ सप्टेंबर

ए.कु.मॅ. कमी करण्याचा फेरफार धरला गेला. यात कब्जेदार सदरी कोणाची नावे यायची ते अर्जात स्वच्छ लिहून दिले: थोरला भाऊ (मयत), धाकटा भाऊ, मोठी बहीण, धाकटी बहीण, प्रत्येकी चार आणे. आईचे नाव मयत म्हणून कमी. आईचा हिस्साही या चौघांतच वाटला जातो, म्हणून शेवटी प्रत्येकी १/४.

बहिणींची नावे इतर अधिकारात माहेरची होती, आधारवर सासरची. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र आणि विवाहाचा पुरावा याच टप्प्यावर लावला आणि सात-बारावर आधारप्रमाणे नाव मागितले. हे इथे केले नसते तर दस्ताच्या वेळी दुय्यम निबंधकांकडचे नाव आणि सात-बारावरचे नाव जुळले नसते, आणि तिथून येणारा फेरफार तलाठ्याकडे अडकला असता. नावाच्या आधी 'सौ.', 'श्रीमती' लावू नये. पुढच्या प्रत्येक कागदात ते नावाचा भाग होऊन बसते.

१४ ऑक्टोबर

नोटिशीचे १५ दिवस झाले, हरकत नाही, फेरफार प्रमाणित. नवा सात-बारा काढला: चार नावे, प्रत्येकी ०.४०.५० हेक्टर आर, म्हणजे ४०.५० आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर). तीस वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाचे नाव उताऱ्यावर आले.

१६ ऑक्टोबर

आता थोरल्या भावाची वारस नोंद, नव्याने. वारस: पत्नी, मुलगा, मुलगी, प्रत्येकी १/१२. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात मयत पुरुषाची आई वर्ग १ ची वारस आहे, हे बहुतेक वंशावळींत विसरले जाते. इथे आई थोरल्याच्या आधीच गेली असल्याने प्रश्न आला नाही. ती हयात असती तर चौथा समान हिस्सा तिचा, आणि तिच्या मागे पुन्हा तिच्या सगळ्या मुलांचा. वंशावळीत मृत्यूच्या तारखा लिहाव्यात. कोण आधी गेले यावर हिस्सा बदलतो.

विवाहित मुलीचे नाव 'नंतर लावू' असा एक सूर निघाला होता. नंतर काही नसते. वंशावळीतून वारस गाळला की शपथपत्र खोटे ठरते.

त्याच सुमारास मुद्रांकाचा दर बदलला. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यात निघालेल्या अध्यादेशाने १०० आणि २०० रुपयांचे बरेच दर ५०० केले. नात्यातल्या हक्कसोडपत्राचा दरही त्यात आला. मुद्रांक लागतो तो दस्तावर सही होते त्या दिवशीच्या दराने, चलन कधी काढले त्यावर नाही. सप्टेंबरचा आगाऊपणा असा वाया गेला, आणखी ३०० चे चलन काढावे लागले. रक्कम छोटी, पण दुसऱ्या चलनापायी सगळी माहिती पुन्हा भरली.

२७ नोव्हेंबर

वारस नोंद प्रमाणित. विधानसभा निवडणुकीमुळे तलाठी, मंडळ अधिकारी सगळे मतदानाच्या कामावर. २० नोव्हेंबरचे मतदान आणि २३ ची मतमोजणी होईपर्यंत कागद हलला नाही. आचारसंहिता फेरफार थांबवत नाही, माणसे नसल्याने तो थांबतो. कामाचे वेळापत्रक आखताना निवडणुकीचा महिना धरूच नये.

२ डिसेंबर

हक्कसोडपत्राचा मसुदा. पहिल्या मसुद्यात तीन चुका निघाल्या.

एक: 'गटाच्या पूर्वेकडील ४०.५० आर क्षेत्राचा हक्क सोडत आहे', चतुःसीमेसह. वाटप झालेलेच नाही, तर पूर्वेकडील क्षेत्र कोणाचे? सोडायचा आहे तो अविभक्त १/४ हिस्सा. चतुःसीमा द्यायची ती पूर्ण गटाची. विशिष्ट तुकडा लिहिला की तो वाटपासारखा आणि तुकडेबंदीच्या (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास बंदी) कक्षेतला दस्त दिसू लागतो.

दोन: क्षेत्र '४ एकर' लिहिले होते. ४ एकर म्हणजे १६१.८७ आर, सात-बारावर १६२ आर. बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात. दस्तात सात-बारावरचेच एकक आणि तोच आकडा.

तीन: 'खर्चापोटी काही रक्कम देऊन' असे एक वाक्य घातले होते. दिलेली रक्कम नव्हतीच, मसुदा लिहिणाऱ्याने सवयीने घातले. मोबदला लिहिला की दस्ताकडे खरेदीखताच्या नजरेने पाहिले जाते आणि मुद्रांक बाजारमूल्यावर जातो. वाक्य काढले.

पुतण्याबद्दल एक तपासणी: मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ ची ही ५०० रुपयांची सवलत भाऊ, बहीण, मुले, आई-वडील, पती-पत्नी आणि या नातेवाइकांचे कायदेशीर वारस यांच्या लाभात आहे. इथे पुतण्या मयत भावाचा वारस म्हणून बसतो. भाऊ हयात असताना आत्याने थेट भाच्याच्या नावे हक्क सोडला तर तो बसत नाही.

५ डिसेंबर

दस्त नोंदणी. आदल्या दिवशी पब्लिक डेटा एन्ट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन) भरून ठेवली. त्यात गट क्रमांकाच्या रकान्यात गट क्रमांकच टाकावा; 'गट नं.', 'पैकी' असे काही जोडले तर महसूलच्या नोंदीशी जुळत नाही.

हजर: लिहून देणार धाकटी बहीण, लिहून घेणार दोघे, ओळखीचे दोन साक्षीदार. सगळ्यांचे मूळ आधार. धाकट्या बहिणीच्या अंगठ्याचा ठसा आधारशी जुळेना. शेतात काम करणाऱ्या हातांचे नेहमीचे. हात धुवून, कोरडे करून, दुसरी बोटे लावून तासभर गेला. शेवटी साक्षीदारांच्या ओळखीवर दस्त घेतला गेला. मतदार ओळखपत्रही सोबत होते म्हणून निभावले. एकाच ओळखपत्रावर जाऊ नये. दस्त हाताळणी शुल्क तेव्हा पानाला २० रुपये, १४ पाने, २८० रुपये. सूची क्रमांक २ ची (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत तिथेच घेतली.

१६ डिसेंबर

नोंदणीनंतर फेरफाराची माहिती आपोआप तलाठ्याकडे जाते. ती गेली, नमुना ९ ची नोटीसही आली. नोटीस वाचली तर धाकट्या बहिणीचे पूर्ण ४०.५० आर पुतण्याच्या नावे. दस्तात प्रत्येकी २०.२५.

नोटीस बहुतेक जण सही करून देऊन टाकतात. ती वाचायची असते, क्षेत्रासकट. सूची क्रमांक २ ची प्रत लावून त्याच दिवशी लेखी हरकत दिली. प्रमाणित होण्याआधी असल्याने दुरुस्त झाली आणि नोटीस पुन्हा निघाली, १५ दिवस पुन्हा. प्रमाणित झाल्यावर कळले असते तर १५ दिवसांत भागले नसते.

हरकत देताना भाषा सांभाळली: 'फेरफारास हरकत' न लिहिता 'नोटिशीतील क्षेत्र दस्तानुसार दुरुस्त करून मिळणेबाबत' असा विषय. नुसती हरकत लिहिली की नोंद तक्रारी होऊन विवादग्रस्त नोंदवहीत (नमुना ६अ) जाण्याची शक्यता असते, आणि तिथून सुनावण्या सुरू होतात.

३ जानेवारी २०२५

फेरफार प्रमाणित. नव्या सात-बारावर: धाकटा भाऊ ६०.७५ आर, मोठी बहीण ४०.५०, पुतण्या ३३.७५, थोरल्याची पत्नी १३.५०, थोरल्याची मुलगी १३.५०. बेरीज १६२. बेरीज हाताने करून बघितली, आठ-अवरही तपासली.

२४ जानेवारी

वाटपाची चौकशी. सगळ्यांची संमती असल्याने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चा अर्ज करता येतो, पण हिस्से पाच करता येणार नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० आर, बागायतीचे १०. पत्नी आणि मुलीचे साडेतेरा आर वेगळे काढले तर ते तुकडे ठरतात. अविभक्त हिस्सा म्हणून उताऱ्यावर कितीही लहान राहू शकतो, जमिनीवर वेगळा काढता येत नाही. म्हणून थोरल्याच्या घरचे तिघे एकत्र ६०.७५, धाकटा भाऊ ६०.७५, मोठी बहीण ४०.५०, असे तीन पोटहिस्से ठरले.

मोजणीचा अर्ज भरला. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार राहिले, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत तेव्हा नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये होते. नियमित घेतली. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटधारकांना नोटीस जाते. त्यांची नावे आजच्या सात-बारावरून दिली, जुन्या नकाशावरून नाही, कारण शेजारचे दोन गट मध्यंतरी विकले गेले आहेत. बांधावरचे दगड आत्ताच मोकळे करून ठेवले. 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) आली की तिच्यावरचे पोटहिस्से घेऊन कलम ८५ चा अर्ज.